कोकमातला फ्रेंच कोंबडा

१९६६ सालच्या फेब्रुवारीत मी दुबईला होतो, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे मी काय करत होतो, हे कोणालाच ठाऊक नाही. विचारणाऱ्यांना मी सांगत आलो, की मेहुण्याकडे हवापालटाला गेलो होतो, खाडी पाहिली, सोन्याचा बाजार पाहिला आणि एका फ्रेंच साहेबाच्या घरी पुष्कळदा जेवण झालं. शेवटचं वाक्य मी मुद्दाम असं ठेवलं होतं, की जेवण कोणी केलं आणि कोणाला वाढलं हे ऐकणाऱ्याने आपापल्या परीने समजून घ्यावं. सगळ्यांनी माझ्या सोयीचंच समजून घेतलं.

शाळेतली गोष्ट याहून वाईट. शाळा दुसऱ्या गावची, तिथे दुबईचं कोणाला ठाऊक नव्हतं; मी हर्नियाचं ऑपरेशन आहे असं लिहून रजा घेतली होती. हर्निया खराच होता, फक्त तो माझा नव्हता, मेहुण्याचा होता. परत आलो तर पोरांनी वर्गात खुर्चीवर उशी ठेवलेली. महिनाभर त्यांनी मला फळ्याची वरची ओळ पुसू दिली नाही. मी उशीवर बसून शिकवलं.

आमच्या वाचनालयाने वार्षिक अंकासाठी प्रवासवर्णन मागितलं, तेव्हा आधी मी नेहमीचंच लिहिलं. सहा पानं झाली. वाचून पाहिलं तर सहा पानांत एकही माणूस माझ्याशी बोलत नव्हता. कारण जी माणसं बोलली होती ती सगळी एका स्वयंपाकघरात बोलली होती, आणि तिथे मी वाचकाला शिरूच देत नव्हतो. ती पानं पाणी तापवायच्या बंबात गेली. हे आता जे आहे ते खरं.

देरा

बोटीच्या पाच दिवसांबद्दल लिहीत नाही. डेकवर पथारी, लांबून कराची, लांबून मस्कत. दुबईला बोट धक्क्याला लागत नाही, खाडीच्या तोंडाबाहेर नांगरते. मग माणसं, कांद्याची पोती आणि ट्रंका शिडीवरून खालच्या मचव्यात उतरतात. त्या क्रमात माझा नंबर कांद्यांच्या नंतर लागला.

इब्राहिमभाई काठावर उभे होते, एक हात जांघेशी दाबून. ते माझ्या बायकोचे थोरले भाऊ. सहा वर्षं समुद्रात तेल शोधणाऱ्या कंपनीतल्या एका फ्रेंच इंजिनियरच्या घरी खानसामा होते. खाडीच्या अलीकडे देऱ्यात रत्नागिरीकडच्याच तिघांबरोबर त्यांची खोली, आणि साहेबाचं घर पलीकडे, बर दुबईच्या पुढे समुद्राकडे वाळूत. मधे अब्रा, म्हणजे खाडी ओलांडायची आपली तर. फरक एवढाच, की तिथला तांडेल उतारूंची वाट बघत विडी ओढत बसत नाही. माणसं भरली की "यल्ला" म्हणतो आणि सुटतो.

बायकोने भावासाठी दिलेली बोंबलांची जुडी, कुळथाचं पीठ आणि कोकमाचा मोठा डबा मी त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डब्याचा वास घेतला, डोळे मिटले, आणि मग मला विचारलं, "मास्तर, तुम्हाला जेवण येतं ना करता?"

येतं, म्हटलं. आम्ही चार भाऊ, बहीण नाही, आई दम्याने बसून असायची. मासे, भात, भाकरी, घावणे, सगळं माझ्या हातचं.

"मग परवापासून तुम्ही फ्रेंच कुक. मॅडमला सांगून ठेवलंय. अलिबागच्या मोठ्या हॉटेलात वीस वर्षं काढलेला माणूस आहे म्हणून."

"अलिबागला मोठं हॉटेल कुठंय?"

"ते मॅडमला कुठं माहीत आहे?"

मला खरं तर त्यांनी सोबतीला बोलावलं होतं. आजारी माणसाला कोणीतरी आपलं हवं, एवढंच पत्रात होतं. बाकीचं त्यांनी खाडीकाठी सांगितलं. डॉक्टर म्हणाला होता, आता कापलं नाही तर आतडं अडकून जीवावर बेतेल, आणि पुढे चार आठवडे वजन उचलायचं नाही. तिकडे बँकेच्या मेसमधला पीटर नावाचा गोव्याचा कुक दोनदा मॅडमच्या दारावरून सहज म्हणून जाऊन आला होता. चूल चार आठवडे थंड राहिली, तर पाचव्या आठवड्यात तिच्यापुढे पीटर उभा असेल. शिवाय फेब्रुवारीअखेरीस साहेबाची आई फ्रान्सहून यायची होती. अशा वेळी कोणती बाई रिकाम्या स्वयंपाकघरात वाट बघत बसेल?

संध्याकाळी त्यांनी मला आपली वही दाखवली. सहा वर्षांत शिकलेला प्रत्येक पदार्थ बाळबोध अक्षरात उतरवलेला होता. चाळताना एका पानावर थांबलो. कोंबडा, कांदे, गाजर, आणि पुढे लिहिलेलं, "लाल दारू, एक बाटली, पूर्ण."

"इब्राहिमभाई, हे तुम्ही हाताने ओतता?"

"पहिल्याच दिवशी सांगितलं, डुकराला हात लावणार नाही. मानलं त्यांनी. दोन अटी घातल्या असत्या तर तेव्हाच पीटरला घेतलं असतं."

मी मास्तर माणूस. मी त्यांना पाऊण तास हलाल-हरामवर बोललो. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी, जांघेत पीळ पडत असताना, त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं. खोलीतले तिघे एकेक करून बाहेर जाऊन बसले.

भिंतीवरचं कॅलेंडर

फ्रेंच जेवण म्हणजे काय असेल याची माझी कल्पना अशी होती, की चांदीची झाकणं असतील, मधे एखादा अख्खा पक्षी पिसांसकट बसवलेला असेल. पहिल्या दिवशी मॅडमनी माझ्यापुढे ठेवलं ते मसूर, दोन गाजरं आणि एक कांदा. दुसऱ्या दिवशी बटाट्याचं सूप. तिसऱ्या दिवशी कोबी. चौथ्या दिवशी मला वाटू लागलं, की साहेबाचा पगार कापलाय आणि बाई बिचारी सांगत नाही.

मॅडम पस्तिशीच्या, बारीक, केसांना रुमाल बांधून स्वतः चुलीशी उभ्या राहणाऱ्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी, दोन्ही पुस्तकातली, पण वेगवेगळ्या पुस्तकांतली. तरी आमचं जमत गेलं. त्यांनी मला समजावलं, की हॉटेलात जे मिळतं ते त्यांच्याकडे घरी कोणी खात नाही. घरी आजी जे करायची तेच होतं, आणि आजी करायची ते ऋतू पाहून. कुठला पदार्थ कुठल्या मुलुखाचा, तेही ठरलेलं. त्या स्वतः समुद्राकाठच्या मुलुखातल्या, साहेब आतल्या द्राक्षमळ्यांच्या मुलुखातले. दोन्हीकडची माणसं एकमेकांच्या स्वयंपाकाला मनातल्या मनात हसतात. मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. आमच्याकडेही खाडीकाठचा माणूस घाटावरच्याच्या कालवणाबद्दल असंच बोलतो.

ऋतूचं मात्र अवघड होतं. स्वयंपाकघरात फ्रान्सचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि मॅडम त्यावर चालायच्या. फेब्रुवारी म्हणजे त्यांच्याकडे कडक थंडी, म्हणजे हाडांचं उकळतं सूप, म्हणजे आम्ही दोघं पंख्याखाली घामाने निथळत हाडं उकळत उभे. बाजारात रास अल खैमाहून आलेली अशी वांगी होती, की पाहून भरली वांगी डोळ्यांपुढे यावी. मी दोन शेर आणली. मॅडमनी ती हातात घेऊन मायेने फिरवली आणि परत टोपलीत ठेवली. वांगी जुलैची. जुलैत वांगी, टोमॅटो, मिरची मिळून एक भाजी त्यांच्याकडे होते, तेव्हा बघू.

इस्पितळात मी हे इब्राहिमभाईंना सांगितलं. त्यांना हसायची मनाई होती. टाके धरून म्हणाले, "जुलैत मॅडम रोज मला वांगी आणायला पाठवते. जुलैत इथं वांगं औषधाला नसतं. सहा वर्षं झाली, मास्तर, वांगी न खाताच चालली आहेत."

तिथे माझी लाज राखली ती घावण्यांनी. फेब्रुवारीच्या दोन तारखेला त्यांच्याकडे एक सण असतो, त्या दिवशी पातळ धिरडी करायची. मॅडमच्या मुलुखात ती कसल्याशा काळसर पिठाची करतात. ते पीठ त्यांनी डब्यात जपून आणलेलं होतं. चाल अशी, की डाव्या हातात एक नाणं धरायचं आणि उजव्या हाताने तव्यावरचं धिरडं हवेत उडवून उलटायचं. नीट पडलं तर वर्ष बरकतीचं. मॅडमचं पहिलं पंख्याला लागलं. साहेबाचं साहेबाच्या बुटावर पडलं. मग मी. नाणं आपलंच होतं, तेव्हा तिथे आपलीच नाणी चालायची. हातात धरलं, बिस्मिल्ला म्हटलं, आणि चौदा धिरडी ओळीने उडवली, एकही वाकडं पडलं नाही. साहेब एरवी पेपरातून मान वर न करणारा माणूस, तो तव्याशी येऊन उभा राहिला. अलिबागच्या हॉटेलची कीर्ती त्या दिवशी पक्की झाली.

शुक्रवारचा रविवार

दुबईत सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे मॅडमनी आपला रविवार शुक्रवारवर आणून ठेवला होता. रविवारचं मोठं जेवण शुक्रवारी दुपारी, आणि त्यात साहेबाच्या मुलखाचा तो दारूतला कोंबडा. पहिल्या शुक्रवारी मॅडमनी स्वतः करून दाखवला, मी शेजारी उभा. दुसऱ्या शुक्रवारी त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि त्या बाहेर केस धुवायला गेल्या.

जुम्याच्या नमाजाला तीन तास होते. मी बाटली उघडून चुलीपाशी उभा राहिलो. इब्राहिमभाईंना दिलेलं सगळं भाषण मला आठवलं, आणि सगळ्यात जास्त हे आठवलं, की भाषण ऐकणारे चौघे होते. बाटली ओतली तर आपण काय तोंडाने बोललो, आणि नाही ओतली तर त्यांची नोकरी काय. मॅडमना सरळ सांगता आलं असतं. पण सांगितलं की पीटर. हे मी तेव्हा स्वतःला पटवलं. आज असं वाटतं, की मला सांगायचा नुसता संकोच झाला. तो माझा जन्माचा रोग आहे.

पिशवीत दुपारच्या सारासाठी घेतलेली मूठभर कोकमं होती. कोमट पाण्यात घातली आणि बघतो तर पातेल्यात रंग हुबेहूब बाटलीतला. ती कुस्करून गाळली. पाणी फार आंबट झालं, म्हणून बाजारातला खजुराचा पाक घातला, जो तिथे काकवीसारखा मिळतो. तोंडाला जरा तुरटपणा हवा होता, तर चहाची कडक उकळी घातली. कांदा थोडा करपवला. कोंबडा त्यात दोन तास शिजला. बाटली उघडी ठेवून दिली चुलीच्या कडेला, म्हणजे स्वयंपाकघरात वास राहावा. मग मागच्या दाराबाहेर नेऊन वाळूत ओतली, हात तीनदा धुतले आणि नमाजाला गेलो. मशिदीत मी शेवटच्या रांगेत होतो, आणि मला वाटत होतं की पुढच्या सगळ्या रांगा नाकाने मागे वळून बघताहेत.

परत आलो तर साहेबाने पावाच्या तुकड्याने ताट पुसून काढलं होतं. आमच्याकडे ताट असं पुसलं तर घरची बाई म्हणते, अजून घ्या ना. तिकडे तीच दाद असते. मॅडमनी विचारलं, काय केलंत निराळं? मी म्हटलं, अलिबागची पद्धत. त्यांनी आपल्या वहीत लिहून घेतलं, "अलिबाग."

पुढचे दोन शुक्रवार असेच गेले. गडबड एकच झाली. शेजारच्या अरबाची एक शेळी मागच्या दाराबाहेरची ओली वाळू चाटायला शिकली. तिसऱ्या शुक्रवारी मी बाहेर यायच्या आधी ती येऊन उभी. ओतून झाल्यावर ती तिथेच बसली, उठेना. मालक आला, तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं की तिला ऊन लागलं असावं. फेब्रुवारीत. तो "इन्शाल्ला" म्हणून तिला खांद्यावर टाकून घेऊन गेला.

मोठ्या मॅडम

साहेबाची आई विमानाने आली. सत्तरीची, ताठ, काळ्या कपड्यांतली. आल्या आल्या तिने स्वयंपाकघरातली सगळी भांडी उचलून खालून बघितली. मॅडम तिच्या मागे मागे. त्या दिवशी मला कळलं, की आठ वर्षं मॅडम या बाईला घाबरून होत्या. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी याच बाईला याच कोंबड्याचं जेवण घातलं होतं, आणि तिने काट्याने एक तुकडा बाजूला सारून म्हटलं होतं, समुद्राकडची माणसं मासे चांगले करतात. तेवढंच. मॅडम तेवढ्यावर आठ वर्षं जळत होत्या. हे त्यांनी मला कांदे कापताना सांगितलं, म्हणजे डोळ्यांत पाणी कशाचं ते विचारायची सोय राहिली नाही.

शुक्रवार आला. मी मोठं पातेलं चढवलं, कोकमं दुप्पट. म्हातारीने पहिला घास घेतला आणि थांबली. दुसरा घेतला. मग ती फ्रेंचमध्ये खूप वेळ हळू आवाजात बोलत राहिली. साहेब खाली बघत होता. मॅडमनी नंतर मला सांगितलं, की म्हातारीच्या लहानपणी घरची दारू आंबूस असायची, चांगली विकायला जायची आणि आंबूस तेवढी घरात राहायची. आईच्या हातची चव तिला त्यानंतर आज पहिल्यांदा लागली. ती उठून मॅडमच्या जवळ गेली आणि तिने मॅडमचे दोन्ही गाल चुंबले.

मॅडम स्वयंपाकघरात येऊन माझा हात धरून उभ्या राहिल्या. मी दुसऱ्या हाताने चाळणी धुवत होतो. चाळणीत कोकमं होती. तेव्हाच सांगायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात इब्राहिमभाई कामावर आले. मी फक्त वजन उचलायला बरोबर. त्यांनी नवा झगा घातला होता, दाढी नीट केली होती, आणि मोठ्या मॅडमना सलाम करून ते चुलीकडे वळले. सुरा धरायच्या ऐटीतच कळत होतं, की हे खरं काम. शुक्रवारी त्यांनी वहीप्रमाणे कोंबडा केला, पूर्ण बाटली ओतून. मी बाहेर उभा होतो. शेळीही होती. दोघांनाही काही मिळालं नाही.

म्हातारीने दोन घास घेतले आणि काटा ठेवला. साहेबाने पाव ताटाला लावला नाही. मॅडमचा चेहरा आठ वर्षं मागे गेला. चार वाजता त्यांनी आम्हाला दोघांना बोलावलं आणि इब्राहिमभाईंना म्हटलं, की तुम्ही अजून थकलेले दिसता, घरी जाऊन चांगली विश्रांती घ्या, सहा महिने घ्या हवं तर. तोवर हे राहतील. बोलल्या त्या मायेनेच. पण सहा महिन्यांची विश्रांती म्हणजे काय ते आखातात राहिलेल्या माणसाला समजवावं लागत नाही.

अब्रातून परतताना इब्राहिमभाईंनी विचारलं, "मास्तर, तुम्ही काय घातलंत?"

"वहीप्रमाणेच."

त्यांनी मान हलवली. खोलीवर आल्यावर ट्रंक ओढून काढली आणि कपडे घड्या करून आत ठेवू लागले. सहा वर्षांचे कपडे. मी बघत बसलो. दोन दिवस मी बघत बसलो. हेच ते, जे मी कोणाला सांगितलं नाही. पीटरची भीती आता नव्हती. पीटर मीच झालो होतो. शाळेत चोवीस वर्षांत मला कोणी हात धरून शाबासकी दिली नव्हती, आणि इथे एक म्हातारी माझ्या कोकमात आपली आई बघत होती. मला ती शाबासकी सोडवत नव्हती. दुसऱ्याच्या घरचं अन्न काढून घेणं इतकं सोपं असतं, हे मला त्या दोन दिवसांत कळलं. नुसतं गप्प बसायचं.

तिसऱ्या दिवशी इब्राहिमभाईंनी ती वही माझ्या उशाशी आणून ठेवली. "तुम्हाला लागेल," म्हणाले. रागाने नाही. वर त्यांनी हेही सांगितलं, की मॅडमला सूप गरम लागतं, ताट आधी तापवून घेत जा.

मी उठलो, कोकमाचा डबा काखेत मारला आणि त्यांना म्हटलं, चला.

स्वयंपाकघराच्या टेबलावर मी डबा उघडून ठेवला. मॅडम होत्या, म्हातारी होती, इब्राहिमभाई दाराशी. मी इंग्रजीत सगळं सांगितलं, वर्गात धडा सांगतात तसं, अलिबागच्या हॉटेलापासून. शेळीसुद्धा सांगितली. मॅडम वाक्यावाक्याला फ्रेंच करत होत्या, आणि मधेच त्यांचा आवाज बंद झाला. कारण पुढचं वाक्य म्हातारीला सांगायचं, तर आठ वर्षांनी मिळालेलं कौतुक परत करावं लागणार होतं. त्यांनी ते वाक्य सांगितलं. माझ्यापेक्षा मोठं काळीज.

म्हातारीने डब्यातून एक कोकम उचललं, दातांखाली धरलं. तिचं तोंड असं वाकडं झालं की मला वाटलं आता संपलं. मग तिने सुनेला काहीतरी विचारलं. मॅडमनी ते इब्राहिमभाईंना विचारलं, की तुम्ही हे वापरून कराल का, आईंना तीच चव हवी आहे.

इब्राहिमभाई पहिल्यांदा बोलले. "नाही मॅडम. ते आमच्या माशाच्या कालवणाचं आहे. तुम्ही मला शिकवलं ते वेगळं. मी करतो ते तुमचं खरं आहे. खोटं करून नोकरी टिकवायची असेल तर मास्तर चांगलं करतात."

म्हातारीला हे सांगितलं गेलं. तिने इब्राहिमभाईंकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, भांडी बघितली होती तसं. मग सुनेला एकच वाक्य बोलली. मॅडमना ते इंग्रजीत नीट सांगता येईना. मतलब असा, की या माणसाला घालवलंस तर तुला स्वयंपाकातलं काही कळत नाही.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुम्ही उद्यापासून येऊ नका."

नोकरीवरून काढून टाकल्यावर इतका हलका झालेला माणूस दुबईत त्या दिवशी दुसरा नसावा. निघताना म्हातारीने डबा ठेवून घेतला. कोकमं सगळी ती फ्रान्सला घेऊन गेली, असं पुढे इब्राहिमभाईंच्या पत्रातून कळलं. बायकोला मी सांगितलं, की बोटीतून समुद्रात पडली.

अब्रा

परतताना उन्हं कलली होती. आम्ही दोघं अब्राच्या फळीवर शेजारी बसलो. आजूबाजूला कापडाच्या गाठी, एक शिंपी, दोन इराणी. अर्धी खाडी ओलांडली. मग इब्राहिमभाई म्हणाले, "एक सांगा मास्तर. आंबट किती, गोड किती, चहा कधी घालायचा, हे बरोबर कसं जुळलं? न चाखता जुळत नाही असलं."

पहिल्या शुक्रवारी मॅडमनी स्वतः कोंबडा करून दाखवला होता. रस चमच्यात घेऊन त्यांनी माझ्यापुढे धरला. अलिबागच्या हॉटेलातला माणूस नको कसा म्हणणार. मी चाखला. ही झाली माझी सबब. पण मॅडम बाहेर गेल्यावर मी दुसरा चमचा आपला आपण घेतला होता, आणि त्याला सबब नाही. हे सगळं मी त्यांना सांगितलं. पाऊण तासाच्या भाषणाचं नाव काढायची हिंमत झाली नाही. त्यांनीही काढलं नाही.

"मी सहा वर्षांत एकदाही जिभेला लावली नाही," ते म्हणाले. "वासावर करतो. रंग बघतो. शेवटी चाखायचं ते मॅडम चाखते. ओतताना दर वेळी माफी मागतो आणि ओततो."

तांडेलाने काठाकडे तोंड फिरवलं. इब्राहिमभाईंनी इकडे तिकडे पाहिलं. शिंपी पेंगत होता. ते माझ्या कानाशी झुकले.

"शुक्रवारचं माझं पातेलं तुम्हीच घासलंत. तळाशी राहिलं होतं."

"हो."

"त्यातलं घेतलंत?"

आता लपवून काय करायचं होतं. "बोटाने," मी म्हटलं. "म्हातारीने का ठेवलं ते बघायला."

सहा वर्षं दर शुक्रवारी तो कोंबडा करणारा माणूस माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर राग मुळीच नव्हता.

"मग?" त्यांनी विचारलं. "कसा होतो माझा?"

मी खरं तेच सांगितलं. फार चांगला होतो, म्हटलं. माझ्यापेक्षा खूप चांगला.

इब्राहिमभाई सरळ होऊन बसले. अब्रा काठाला लागली, माणसं उतरली, आणि तरी ते थोडा वेळ तसेच बसून राहिले.